सोडत, रविवार आणि सार्वजनिक मैदान

गोल्फ हा धनिकांचा खेळ आहे, ही समजूत आपल्याकडे इतकी दृढ झाली आहे की ‘नगरपालिकेचे गोल्फ मैदान’ हे शब्द एकत्र उच्चारले तर ऐकणाऱ्याला तो वदतोव्याघात वाटावा. ही समजूत सर्वस्वी निराधार आहे असे मात्र नाही. कलकत्त्यात 1829 साली स्थापन झालेला रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब हा ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब मानला जातो. तेव्हापासून हा खेळ या देशात ज्या वाटेने पसरला, ती वाट साहेबाच्या छावणीतून, जिमखान्यातून आणि पुढे बडे अधिकारी व उद्योगपती यांच्या क्लबांतून गेलेली आहे. सभासदत्वाची लांबलचक प्रतीक्षायादी, शिफारसपत्र, कुंपण आणि फाटकावरचा दरवान ही या खेळाची ओळख ठरली. रस्त्याने जाणाऱ्या शिक्षकाने वा कारकुनाने कुंपणाच्या फटीतून आतल्या हिरवळीकडे पाहावे, ती आपली नव्हे हे मनोमन मान्य करावे आणि पुढे चालू लागावे, असा शिरस्ता पडून गेला.

परंतु ज्या गावाला गोल्फची पंढरी म्हणतात, त्या गावात हा शिरस्ता नाही. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील सेंट अँड्रूज या लहानशा गावातले ‘ओल्ड कोर्स’ हे मैदान जगात सर्वांत नामांकित आहे. ब्रिटनची दीडशेवी ‘ओपन’ स्पर्धा 2022 साली तेथे झाली आणि ती या मैदानावर भरण्याची तिसावी खेप होती. असे असूनही हे मैदान कोणा क्लबाच्या मालकीचे नाही. ती सार्वजनिक जमीन आहे. मालकी फाइफ कौन्सिल या स्थानिक शासनसंस्थेची आणि व्यवस्था कायद्याने निर्माण केलेल्या एका विश्वस्त मंडळाकडे, अशी ही रचना आहे. मैदानाच्या टोकाशी जी भारदस्त दगडी इमारत छायाचित्रांतून दिसते, ती रॉयल अँड एन्शंट या खाजगी क्लबाची. इमारत क्लबाची आणि मैदान लोकांचे, हा भेद ज्याच्या ध्यानात आला त्याला सार्वजनिक मालमत्तेचे निम्मे मर्म उमगले असे समजावे. या क्लबाने स्त्रियांना सभासदत्व देण्याचा ठराव 2014 साली केला. पण त्याच्या सात वर्षे आधी, 2007 साली, स्त्रियांची ब्रिटिश ओपन स्पर्धा याच मैदानावर होऊन गेली होती. क्लबाच्या दाराची कडी मैदानाला लागू नव्हती.

वशिला, लिलाव, रांग आणि सोडत

अशा मैदानाला भेट देण्याचा बेत आखणाऱ्याने प्रथम चौकशी करावयाची असते ती पैशाची नव्हे, तर पाळीची. जगभरातून हजारो लोकांना तेथे खेळावयाचे असते आणि दिवसाचा प्रकाश मोजकाच असतो. काही वेळा बऱ्याच आधी अर्ज करून राखून ठेवता येतात. पण उरलेल्या पाळ्यांचा मोठा वाटा सोडतीने वाटला जातो. किमान दोघांनी आणि जास्तीत जास्त चौघांनी मिळून, खेळावयाच्या दिवसाच्या दोन दिवस आधी, दुपारी दोनच्या आत नावे द्यावयाची आणि संध्याकाळच्या सुमारास निकाल पाहावयाचा, अशी रीत आहे. प्रत्येक खेळाडूपाशी हँडिकॅपचा दाखला असावा लागतो. हँडिकॅप म्हणजे खेळाडूच्या कौशल्याचे मापून नोंदलेले प्रमाण. अगदीच नवख्याने मैदान अडवून धरावे आणि मागून येणाऱ्यांचा खोळंबा करावा, असे होऊ नये एवढाच या अटीचा हेतू. एखाद्या दिवशी नाव निघाले नाही तर दुसऱ्या दिवसासाठी पुन्हा द्यावे. म्हणून उन्हाळ्यात तीनचार दिवसांचा मुक्काम ठरवून येणारा शहाणा ठरतो आणि एकाच दिवसाचे आगगाडीचे तिकीट काढून येणारा भाबडा.

एकट्याने येणाऱ्या खेळाडूंची व्यवस्था पूर्वी निराळी होती. जोडीला माणूस नसलेला खेळाडू सोडतीत भाग घेऊ शकत नसे. त्याने भल्या पहाटे, कित्येकदा मध्यरात्रीपासून, थंडीवाऱ्यात रांगेत उभे राहावे आणि एखाद्या दोघातिघांच्या गटात जागा रिकामी असली तर ती पदरात पाडून घ्यावी, असा प्रघात होता. 2024 सालापासून हा प्रघात बदलला. आता अशा खेळाडूने आदल्या दिवशी समक्ष येऊन नाव नोंदवावयाचे आणि त्याचीही पाळी सोडतीनेच ठरावयाची. हा बदल वरवर किरकोळ आहे. पण त्यामागचा विचार आपल्याकडील कोणत्याही कचेरीने, रुग्णालयाने वा शाळेने मनन करण्याजोगा आहे.

जी वस्तू थोडी आणि मागणारे पुष्कळ, ती वाटण्याचे मार्ग मनुष्यजातीला मुख्यतः चारच सापडले आहेत. पहिला वशिल्याचा. त्यात ओळखीचा माणूस पुढे जातो आणि अनोळखी माणूस ‘उद्या या’ हे शब्द ऐकत राहतो. दुसरा लिलावाचा. त्यात ज्याची थैली जड त्याचे काम आधी होते, आणि ते उघडपणे होते एवढेच त्याचे समाधान. तिसरा रांगेचा. रांग ही सर्वांना न्याय्य वाटते, कारण ती दिसते आणि तिच्यातला क्रम कोणालाही मोजता येतो. पण रांगेचाही एक पक्षपात असतो. ज्याच्यापाशी तारुण्य आहे, फावला वेळ आहे किंवा रांगेत उभा करण्यासाठी भाड्याचा माणूस आहे, त्याच्या बाजूला ती झुकते. घरी आजारी माणूस असलेली स्त्री, रात्रपाळी करून आलेला कामगार किंवा गुडघे दुखणारे निवृत्त मास्तर रांगेत नेहमीच मागे राहतात. चौथा मार्ग सोडतीचा. तिला ओळख कळत नाही, ऐपत कळत नाही आणि गुडघेही कळत नाहीत. म्हाडाच्या घरांच्या सोडतीत नाव न निघालेला मनुष्य हळहळतो. परंतु ती सोडत सर्वांसमक्ष आणि नियमाप्रमाणे झाली असेल तर आपल्यावर अन्याय झाला, असे तो सहसा म्हणत नाही. निराश झालेल्या माणसालाही न्याय मान्य करावयास लावणे, हे सोडतीचे खरे सामर्थ्य आहे.

पाच शतकांचे भांडण

ही व्यवस्था सेंट अँड्रूजच्या लोकांना कोणा उदार राजाने बहाल केलेली नाही. किंबहुना राजसत्तेचा आरंभीचा कल उलटच होता. राजा दुसरा जेम्स याच्या कारकीर्दीत 1457 साली स्कॉटलंडच्या संसदेने गोल्फ आणि फुटबॉल या दोन्ही खेळांवर बंदी घातली होती. लोक चेंडूच्या नादी लागून धनुर्विद्येचा सराव टाळतात, हे तिचे कारण. पुढे 1552 साली आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांच्या काळात जी सनद झाली, तिच्यात किनाऱ्यावरच्या त्या वाळवट माळावर सशांची पैदास करण्याची मुभा आर्चबिशपांना मिळाली. परंतु तेथे गोल्फ, फुटबॉल वगैरे खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क अबाधित राखला गेला. ज्या जमिनीत नांगर चालत नाही आणि पीक येत नाही अशा समुद्रकाठच्या गवताळ, वाळूमिश्रित पट्टीला तिकडे ‘लिंक्स’ म्हणतात. आपल्याकडील गायरानाशी तिचे नाते जवळचे आहे. कोणाच्या मालकीची नव्हे म्हणून ती सर्वांची, असा तो व्यवहार होता.

पण कोणाच्याच मालकीची नसलेली जमीन ही कर्जबाजारी संस्थेच्या डोळ्यांत प्रथम भरते. 1797 साली सेंट अँड्रूजची नगरपालिका दिवाळखोरीच्या काठावर आली आणि तिने ही जमीन विकून टाकली. लवकरच ती ससेपालन करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या हाती गेली. सशांनी बिळे पाडून मैदान पोखरले आणि गोल्फ खेळणारे गावकरी व व्यापारी यांच्यात कित्येक वर्षे कज्जे चालले. 1821 साली जेम्स चीप या शेजारच्या जमीनदाराने ती जमीन विकत घेतली तेव्हा मैदानाचा जीव वाचला. परंतु एका सज्जन जमीनदाराच्या मर्जीवर टिकलेला हक्क हा हक्क नव्हे, ते केवळ उपकार असतात. आणि उपकार वारसाबरोबर बदलू शकतात. 1894 साली संसदेच्या कायद्याने ही जमीन पुन्हा गावाच्या मालकीची झाली. त्याच व्यवस्थेचा भाग म्हणून रॉयल अँड एन्शंट क्लबाने स्वखर्चाने दुसरे मैदान तयार करून दिले आणि ते 1895 साली खुले झाले. क्लबाला खेळावयास जागा हवी होती, गावाला मालकी हवी होती. दोघांनी मिळून तडजोड केली आणि ती कागदावर आणली.

आणखी एक प्रसंग विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. 1975 साली स्कॉटलंडमधील स्थानिक स्वराज्याची पुनर्रचना झाली आणि त्यात सेंट अँड्रूजची नगरपालिकाच इतिहासजमा झाली. नगरपालिका नाहीशी झाली की तिची मालमत्ता दूरच्या एखाद्या मोठ्या कचेरीच्या दप्तरात हरवते, हा अनुभव सर्वत्र येतो. सेंट अँड्रूजच्या लोकांनी ही वेळ येण्याआधीच, 1974 साली, संसदेकडून वेगळा कायदा करून घेतला. त्याने विश्वस्त मंडळ स्थापन केले. त्यात स्थानिक शासनाचे प्रतिनिधी, क्लबाचे प्रतिनिधी, सरकारनियुक्त सदस्य आणि त्या भागाचा खासदार यांना स्थान आहे. मैदाने सार्वजनिक राहावीत, हे त्या कायद्याने बांधून घातले. मालक बदलला तरी नियम बदलू नयेत, अशी ती तरतूद होती. सार्वजनिक संस्थांच्या जमिनींबाबत दूरदृष्टी कशाला म्हणतात, याचा याहून बरा दाखला क्वचितच सापडेल.

रविवारची हिरवळ

भेटीचा बेत आखणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावयाची असते. रविवारी ओल्ड कोर्सवर गोल्फ नसते. मोठ्या स्पर्धांसारखे मोजके अपवाद वगळता त्या दिवशी मैदान खेळाडूंसाठी बंद आणि गावासाठी उघडे असते. ज्या हिरवळीवर एक पाळी मिळावी म्हणून अमेरिकेतून वा जपानातून लोक येतात, तिच्यावरून त्या दिवशी आजोबा नातवंडाला घेऊन फिरतात, कोणी कुत्र्याला फिरावयास आणतात, कोणी बाजूला बसून शिदोरी सोडतात. इतर दिवशीही मैदानाला आडवा जाणारा एक सार्वजनिक रस्ता आहे. पहिल्या आणि अठराव्या होलच्या पट्ट्यांवरून तो थेट समुद्राकडे जातो. एखादा जगज्जेता चेंडू मारावयास सज्ज असतो आणि समोरून समुद्रावर निघालेले कुटुंब रस्ता ओलांडत असते. जगज्जेत्याला थांबावे लागते.

वरकरणी ही गैरसोय आहे. व्यवस्थापनशास्त्राचा कोणीही पदवीधर आठवड्याचा एक पूर्ण दिवस ‘वाया’ घालवण्यास संमती देणार नाही. रविवारी किती पाळ्या विकता येतील याचा हिशेब तो चुटकीसरशी मांडील. परंतु त्या एका दिवसाने दोन गोष्टी साधतात. गवताला विसावा मिळतो. आणि ज्या गावकऱ्याने जन्मात गोल्फची काठी हातात धरली नाही, त्यालाही हे मैदान आपले आहे ही जाणीव दर आठवड्याला नव्याने होते. ज्या जमिनीवर लोकांचे पाय लागत नाहीत, ती जमीन कागदोपत्री कितीही सार्वजनिक असली तरी हळूहळू परकी होते. आणि परकी झालेली जमीन कोणी गिळंकृत केली तर तिच्यासाठी कोणी रस्त्यावर येत नाही. रविवारचा फेरफटका हे त्या मैदानाचे विनाखर्च राखणदारीचे पथक आहे.

गवताची काळजीही तितकीच काटेकोर आहे. हिवाळ्याच्या महिन्यांत गवत वाढत नाही म्हणून खेळाडूने मैदानातील पट्ट्यांवर एक लहानशी चटई जवळ बाळगावी आणि चेंडू तिच्यावर ठेवून मारावा, असा नियम आहे. वापर सर्वांचा आणि जपणूक कोणाचीच नाही, ही आपल्या सार्वजनिक जागांची नेहमीची कहाणी. तेथे मात्र, ज्याला वापरावयाचे त्यानेच जपावयाचे, हे तत्त्व प्रत्येकाच्या हातात चटईच्या रूपाने दिलेले आहे.

मोठी उणीव

या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिची उणीव झाकून ठेवणे योग्य होणार नाही. बाहेरच्या पाहुण्याला भर हंगामात ओल्ड कोर्सवरील एका खेळीसाठी तीनशेहून अधिक पौंड मोजावे लागतात. हिवाळ्यात दर बराच उतरतो. तरी ही रक्कम सामान्य माणसाच्या खिशाला परवडणारी नाही. 1913 साली पाहुण्यांकडून प्रथम शुल्क घेतले जाऊ लागले आणि गावकऱ्यांना तर 1946 सालापर्यंत काहीच द्यावे लागत नव्हते, हा इतिहास पाहता आजचा दर डोळ्यांवर येतो. काही पाळ्या प्रवासी कंपन्यांच्या मार्फत, निवासासह, याहूनही चढ्या भावाने विकल्या जातात. सोडतीच्या शेजारीच लिलावाचे दुकान थाटल्यासारखे ते दिसते, आणि त्यावर टीका करणाऱ्यांचे म्हणणे खोडून काढणे सोपे नाही.

तथापि या उत्पन्नाचे काय होते, हेही पाहिले पाहिजे. ते कोणा भागधारकाच्या घरी जात नाही. मैदानांच्या निगराणीवर आणि सोयींवर खर्च होते. विश्वस्त मंडळाकडे एकूण सात मैदाने आहेत. त्यांतील इतर मैदानांवर दर पुष्कळ कमी आहेत आणि बाल्गोव्ह नावाचे नऊ होलचे मैदान मुख्यतः मुलांसाठी आणि नवशिक्यांसाठी आहे. गावातल्या रहिवाशांना वार्षिक तिकीट सवलतीत मिळते. जवळच ‘हिमालय’ या गमतीदार नावाने ओळखली जाणारी उंचसखल हिरवळ आहे. 1867 साली स्त्रियांसाठी स्थापन झालेल्या एका मंडळाची ती जागा. तेथे थोडके पैसे भरून आजीपासून नातीपर्यंत कोणीही चेंडू घरंगळवण्याचा आनंद घेऊ शकतो. दूरच्या श्रीमंताकडून अधिक घ्यावे आणि जवळच्या सामान्याला कमीत द्यावे, हा हिशेब अन्याय्य म्हणता येणार नाही. धोका आहे तो पुढच्या पायरीवर. उत्पन्नाची चटक लागली की सोडतीच्या पाळ्या कमी होऊ लागतात आणि विकावयाच्या पाळ्या वाढू लागतात. म्हणून दरापेक्षा प्रमाणावर पहारा ठेवणे अधिक अगत्याचे आहे. किती पाळ्या सोडतीच्या, किती रहिवाशांच्या आणि किती विक्रीच्या, हा आकडा जोवर लोकांसमोर आहे, तोवर मैदान लोकांचे आहे.

‘सार्वजनिक’ म्हणजे कोणाचे?

मैदान नगरपालिकेचे असले म्हणजे सर्वांचे झाले, असा भाबडा समज कोणी करून घेऊ नये. अमेरिकेत न्यूयॉर्क शहराच्या ब्रॉन्क्स भागात 1895 साली त्या देशातले पहिले सार्वजनिक गोल्फ मैदान सुरू झाले आणि पुढील काही दशकांत शहराशहरांतून नगरपालिकांनी अशी मैदाने बांधली. परंतु दक्षिणेकडील राज्यांत या ‘सार्वजनिक’ शब्दातून कृष्णवर्णीय नागरिक वगळलेले होते. कर त्यांच्याकडून घेतला जाई. मैदानावर पाऊल मात्र ठेवू दिले जात नसे. 1951 साली अटलांटा शहरात डॉ. हॅमिल्टन होम्स आणि त्यांचे दोन मुलगे नगरपालिकेच्या मैदानावर खेळावयास गेले असता त्यांना परत पाठवण्यात आले. ते न्यायालयात गेले. खालच्या न्यायालयांनी ‘वेगळे पण समान’ या तत्त्वाच्या चौकटीत राहून तोडगा शोधला. सर्वोच्च न्यायालयाने 7 नोव्हेंबर 1955 रोजी तो मोडून काढला आणि मैदान सर्वांना खुले करावयास लावले. डिसेंबर संपण्यापूर्वीच अटलांटाच्या मैदानावर कृष्णवर्णीय खेळाडू उतरले.

ग्रीन्सबरो या दुसऱ्या शहराने निराळी युक्ती योजिली होती. तेथील नगरपालिकेने सार्वजनिक पैशातून बांधलेले आपले मैदान एका ‘खाजगी’ क्लबाला वर्षाला अवघ्या एका डॉलरच्या भाड्याने देऊन टाकले. हेतू हा की, वगळण्याचा अधिकार क्लबाच्या नावाने वापरता यावा. डिसेंबर 1955 मध्ये डॉ. जॉर्ज सिमकिन्स हे दंतवैद्य आणि त्यांचे पाच सोबती शुल्काचे पैसे ठेवून तेथे खेळले; त्यांना अतिक्रमणाच्या आरोपाखाली अटक झाली. संघीय न्यायालयाने 1957 साली हा भाडेपट्टा म्हणजे केवळ बुरखा असल्याचे ओळखले. तेव्हा शहराने सर्वांना प्रवेश देण्याऐवजी मैदानच बंद करून टाकले. ते पुन्हा उघडले 1962 साली. आपल्याला मिळाले नाही तरी चालेल पण दुसऱ्याला मिळता कामा नये, या वृत्तीचे इतके निर्लज्ज उदाहरण विरळा.

महाराष्ट्राला हा इतिहास परका वाटण्याचे कारण नाही. सार्वजनिक खर्चाने बांधलेली पाणवठे, विहिरी, शाळा आदी स्थाने अस्पृश्यांना खुली असावीत, असा ठराव सी. के. बोले यांनी 1923 साली मुंबईच्या कायदेमंडळात मांडला आणि तो संमत झाला. महाड नगरपालिकेने 1924 साली आपले चवदार तळे त्याप्रमाणे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले. प्रत्यक्षात 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे तेथे गेली तेव्हा काय घडले, ते सर्वांना ठाऊक आहे. नंतर नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला आणि विरोधकांनी न्यायालयात जाऊन हे तळे सार्वजनिक नव्हेच, ते खाजगी आहे, असा दावा मांडला. ग्रीन्सबरोच्या एका डॉलरच्या भाडेपट्ट्याचे हे थोरले भावंड होते. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागावयास 1937 साल उजाडले. पुढे राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते आणि राज्याच्या पैशातून राखलेली सार्वजनिक स्थाने यांबाबत असा भेद निषिद्ध ठरवला. तळे आणि गोल्फचे मैदान यांच्या गरजेत अंतर आहे हे खरे. पाण्यावाचून माणूस मरतो, गोल्फवाचून मरत नाही. पण दोन्हीकडे वापरलेली क्लृप्ती एकच होती: लोकांची वस्तू लोकांपासून काढून घ्यावयाची असेल, तर प्रथम तिला ‘खाजगी’ म्हणावे.

मैदानाची नव्हे, नियमांची उसनवारी

या सगळ्यातून आपण काय घ्यावे? आपल्या नगरपालिकांनी गोल्फची मैदाने बांधत सुटावे, हा अर्थ यातून काढणे चूक ठरेल. सेंट अँड्रूजचे गवत समुद्राच्या वाळूत पावसावर वाढते. आपल्याकडे तशा हिरवळीला बारमाही पाणी पाजावे लागते, आणि ज्या राज्यात दर उन्हाळ्यात गावोगाव टँकर फिरतात त्या राज्याने त्याचा आधी विचार केला पाहिजे. दिल्ली विकास प्राधिकरणाने कुतुबजवळ 2000 साली सार्वजनिक गोल्फ मैदान सुरू केले आणि नवी मुंबईत सिडकोने खारघरला तसे मैदान उभारले. पैसे भरून कोणालाही खेळता यावे, सभासदत्वाची अट नसावी, ही कल्पना क्लबाच्या कुंपणापेक्षा निश्चितच पुढची आहे. मात्र दर भरू शकेल तो आत आणि बाकीचे बाहेर, एवढ्यावरच ती थांबली तर वशिल्याची जागा लिलावाने घेतली, इतकाच फरक पडेल.

खरा प्रश्न आपल्या शहरांतील उरल्यासुरल्या मोकळ्या जागांचा आहे. मुंबईत महापालिकेची मैदाने व उद्याने देखभालीच्या नावाने खाजगी संस्थांकडे सोपवण्याच्या धोरणावरून 2016 साली मोठा गदारोळ झाला आणि राज्य शासनाला त्याला स्थगिती द्यावी लागली. 2024 साली महालक्ष्मी रेसकोर्सच्या सुमारे 211 एकरांपैकी 120 एकर जमीन उद्यानासाठी महापालिकेकडे देण्याचे ठरले. गायरानांच्या बाबतीत तर सर्वोच्च न्यायालयाने 2011 सालीच जगपालसिंग खटल्यात गावकीच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्यासाठी योजना आखण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला. जमीन वाचवण्याचे लढे होतात, काही जिंकलेही जातात. पण जिंकलेल्या जमिनीवर उद्या कोणाची पाळी केव्हा येईल, हे ठरवणारे नियम कोणी लिहीत नाही. आणि जेथे नियम लिहिलेले नसतात तेथे दरवान, कंत्राटदार आणि स्थानिक पुढारी हेच नियम होतात. क्रिकेटच्या एखाद्या मैदानावरची पहाटेची वेळ कोणत्या शिकवणीवर्गाला मिळाली आणि वस्तीतल्या पोरांना का मिळाली नाही, याचे उत्तर बहुतेक ठिकाणी कोणत्याही फलकावर सापडत नाही.

यावर उपाय खर्चाचा नाही. प्रत्येक सार्वजनिक मैदानाच्या फाटकावर चार गोष्टी ठळक अक्षरांत लिहिलेल्या असाव्यात. मालक कोण, आणि व्यवस्था कोणाकडे किती मुदतीसाठी सोपवली आहे. मागणी अधिक असेल तेथे वेळा सोडतीने कशा वाटल्या जातात, आणि परवाची सोडत कोणाला लागली. रहिवाशाचा दर काय, बाहेरच्याचा काय, आणि विद्यार्थ्याचा काय. आणि आठवड्यातला कोणता दिवस कोणत्याही शुल्काविना, कोणत्याही खेळाविना, केवळ चालण्याबसण्यासाठी सर्वांना मोकळा आहे. यांतला एकही मुद्दा परदेशातून तंत्रज्ञ बोलावल्याशिवाय अमलात येणार नाही असा नाही. शाळेच्या वर्गात चिठ्ठ्या टाकून मॉनिटर निवडणाऱ्या मुलांनाही तो समजेल.

सेंट अँड्रूजच्या लोकांनी आपली जमीन एकदा गमावली होती, हे विसरता कामा नये. ती परत मिळवावयास त्यांना 97 वर्षे लागली. आपल्याकडील एखादे मैदान एकदा हातचे गेले की तेथे इमारत उभी राहते, आणि इमारतीखालची हिरवळ कोणताही कायदा परत आणून देऊ शकत नाही. म्हणून नियम मैदान जाण्यापूर्वी लिहावयाचे असतात, गेल्यानंतर नव्हे.